यात माझं काहीच नाही

आमच्या बेळगावच्या वडगावात एखादा माणूस मोठा व्हायला लागला, की आधी त्याची मान डावीकडे कलते. मग दोन्ही हात जोडले जातात आणि तसेच राहतात, चहाचा कप धरायलासुद्धा नाइलाजानं सुटतात. तिसऱ्या पायरीवर तो म्हणायला लागतो, "छे छे, यात माझं काहीच नाही." एवढं ऐकलं की समजायचं, आता चौकात फ्लेक्स लागणार. वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये ती कललेली मान.

आमच्या घरात या तिन्ही पायऱ्या दहा दिवसांत चढून झाल्या. चढणारे माझे यजमान, मल्लाप्पा. वय अठ्ठावन्न. हातमागावर साड्या विणतात. आसपास सगळे पॉवरलूमवर गेले तरी हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, हे मात्र खरं. हात चांगला आहे. सूत तुटलं तर शिवी देत नाहीत, हळूच सांधतात. मी सत्तावीस वर्षं बघते आहे.

पण साडी म्हणजे मागावर बसलेला माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या मागच्या खोलीत डोकवावं. तिथं बाळाक्का बसते. यांची थोरली बहीण. नाव बाळाबाई, घरादाराची आक्का. नवरा गेल्यावर माहेरी परतली त्याला चाळीस वर्षं होतील. काठावरची नक्षी मागावर आपोआप उगवत नाही. प्रत्येक ओळीला कुठले दोरे वर उचलायचे, कुठले खाली ठेवायचे, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं आणि तशा दोऱ्यांच्या गाठी बांधून मागाला जोडाव्या लागतात. ते कुणीतरी म्हणजे आक्का. तिला कागद लागत नाही. ती शेणानं सारवलेल्या चौकोनात चिंचोके मांडते. चिंचोका म्हणजे वर उचललेला दोरा, मोकळी जागा म्हणजे खालचा. ओळीमागून ओळ मांडत जाते, मध्येच दोन चिंचोके उचलून तोंडात धरते, लांब जाऊन बघते, परत येते. मग म्हणते, "अंजने, ह्ये फूल जरा लंगडं वाटतंय न्हवं?" मला लंगडं-बिंगडं काही दिसत नाही. ती पूर्ण ओळ मोडते आणि पुन्हा मांडते.

आणखी एक काम आक्काचं. भिंतीत एक वाराच्या अंतरावर दोन खिळे ठोकलेले आहेत, यांच्या आजोबांच्या वेळचे. मागावरून उतरलेली प्रत्येक साडी आक्का त्या खिळ्यांवर मोजते. तिच्या हाताखालून न जाता या घरातून साडी बाहेर पडत नाही.

माझं काम कांड्या भरण्याचं. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसवायचं सूत छोट्या नळकांड्यांवर गुंडाळायचं. रहाट एका हातानं फिरवायचा, दुसरा हात सुतावर. डोळे रिकामे असतात, म्हणून मी समोर पुस्तक टेकवून ठेवते. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं त्या रहाटासमोर झालं. आमची मुलगी नीलम बेंगळुरूला एका कंपनीत आहे, तिथं तिला स्पॅनिश गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं. तिनं कोर्स केला, पास झाली आणि पुस्तकं इथं टाकून गेली. त्यात एक विटेएवढा शब्दकोश. प्रत्येक शब्दाचं मूळ कुठलं, लॅटिनमधून कसा आला, हेही त्यात इंग्रजीतून दिलेलं. मला स्पॅनिश किती येते ते नीट सांगते: भाजी घेण्याइतकी येते, भांडण्याइतकी येत नाही.

तर दिवाळीनंतर स्पेनहून एक बाई आल्या. नाव इनेस. तिकडच्या कुठल्याशा गावात कापडांचं लहान म्युझियम आहे, त्यासाठी हातमागाची कापडं गोळा करत फिरत होत्या. गोव्याहून लोंढ्यापर्यंत रेल्वेनं, तिथून बेळगाव, तिथून रिक्षानं आमच्या दारात. उंच, केस पांढरे, पायात पुरुषी बूट. मी "बुएनोस दियास" म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की उंबरा विसरल्या आणि ठेचकाळल्या.

अकरा वाजले होते. आपल्याकडे अकरा वाजता आलेल्या माणसाला "आता जेवूनच जा" म्हणतात आणि तो "नको नको, आत्ताच खाल्लंय" म्हणतो. मी म्हटलं. बाईंनी घड्याळ बघितलं, "आनंदानं" म्हणाल्या आणि पाटावर बसल्या.

घरात सकाळच्या तीन भाकरी आणि वाटीभर आमटी. यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. मी मागच्या दारानं शेजारी पळाले, पीठ आणलं, झुणका टाकला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, की ही बाई आपण म्हणतो ते खरं धरते. पण मी झुणक्यात गुंतले होते.

जेवण झाल्यावर बाईंनी न्यायला एक साडी निवडली. डाळिंबी रंगाची, काठावर आक्काची चिंचोक्यांची नक्षी. सहा महिने मांडून-मोडून तयार झालेला काठ. बाई काठावरून बोटं फिरवत राहिल्या. मग वही काढली आणि विचारलं, "हे कुणी केलं? पाटीवर कुणाचं नाव लिहू?"

आम्ही सगळ्यांनी आक्काकडे बघितलं. यांनीसुद्धा बघितलं, हे मी यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

आक्कानं पदर पुढं ओढला. "अगंबाई, माझं कशाला नाव! मी म्हातारी. भावाचं लिवा की."

आता, हे काय आहे हे आपल्याला कळतं. हा पहिला नकार. यानंतर समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, तुमचंच पाहिजे. मग दुसरा नकार, जरा हलका. मग तिसऱ्यांदा आग्रह, आणि मग "बरं, तुमी म्हंताय तर." हळदीकुंकवाला ओटी घेतानासुद्धा हे असंच होतं. पण मी त्या दिवशी दुभाषी झाले होते. पहिल्यांदाच. अंगात आलं होतं माझ्या. मी आक्काचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि एकही चूक झाली नाही म्हणून मनात खूश झाले.

बाईंनी मान डोलावली. वहीत लिहिलं. वही मिटली.

आक्का दुसऱ्या आग्रहाची वाट बघत पदर धरून उभीच होती. रिक्षा गेली तरी उभी होती.

आठ दिवसांनी मेल आला. प्रदर्शनाच्या पाटीचा मजकूर असा असेल: रचना आणि विणकाम, मल्लाप्पा, वडगाव, बेळगाव. काही बदल असल्यास पुढच्या सोमवारपर्यंत कळवा, मंगळवारी छपाई. आणि खाली एक ओळ: 'त्यांच्या बहिणीच्या मोदेस्तियाचा मी आदर करते.'

मोदेस्तिया म्हणजे विनय, नम्रता. तेवढं मला येत होतं.

मी तो मेल आक्काला वाचून दाखवला. "बरं झालं," ती म्हणाली. भावाला ती आप्पा म्हणते. "आप्पाचं नाव गेलं म्हंजे घराचंच गेलं." आणि सुपारी कातरायला लागली. थोड्या वेळानं विचारलं, "त्येंच्या लिपीत आप्पाचं नाव कसं दिसतंय गं?" मी सुताच्या पुड्याचा कागद फाडून त्यावर लिहून दाखवलं. तिनं लांब धरून बघितलं. एल दोन, पी दोन. "डबल डबल हाय की समदं," म्हणाली.

मग सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता, "आणि माझं कसं दिसलं असतं?"

मी दुसऱ्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं, दोरे मोजते तसं. सात अक्षरं. तुकड्याला एक घडी घातली, पुन्हा एक घातली आणि तो चंचीत, सुपारीशेजारी ठेवून दिला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं सारवलेल्या चौकोनातले चिंचोके गोळा केले, पिशवीत भरले आणि पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं. अर्धा काठ मांडलेला होता.

इकडे घरच्या पुढच्या खोलीत मान कलायला सुरुवात झाली होती.

बातमी कशी फुटली? यांनीच फोडली. दुधाच्या डेअरीत. "काय न्हाय हो, परदेशात आमची एक साडी लावत्यात म्हणं. त्यात माझं काय न्हाय." 'त्यात माझं काय न्हाय' हे सांगायला हे डेअरीतून सलूनमध्ये गेले, सलूनमधून सोसायटीत, तिथून थेट महादेवअण्णांच्या दुकानात. महादेवअण्णा आमच्या मंडळाचे अध्यक्ष. ते स्वतःला 'एक सामान्य कार्यकर्ता' म्हणवतात, आणि हे तीन शब्द त्यांच्या लेटरहेडवर छापलेले आहेत, सोनेरी शाईत.

अण्णांनी सत्कार ठरवला. रविवार, दुपारी चार, मंडळाचा हॉल.

"कशाला, कशाला!" हे म्हणाले. हॉलचं बुकिंग झालेलं होतं.

"मला असलं काय आवडत न्हाय," हे म्हणाले, आणि शिंप्याकडे जाऊन पांढऱ्या शर्टाचं माप देऊन आले. पत्रिकेचा नमुना आला तेव्हा चष्मा लावून तीनदा वाचला. "माझं नाव एवढं मोठं नको होतं," म्हणाले, आणि मग छापणाऱ्याला फोन करून सांगितलं की नावाआधी 'श्री.' सुटलंय. मानपत्रात 'निगर्वी' हा शब्द एकदाच आला होता. तो दोनदा यावा अशी काहीतरी व्यवस्था झाली. फेट्याचा रंग डाळिंबी, साडीला जुळणारा. निगर्वी माणसाला फेटा जुळवून घ्यायला दोन दिवस लागले.

मी म्हटलं, "अहो, काठ आक्काचा आहे."

"मग मी कुठं न्हाय म्हंतोय?" हे म्हणाले. "मी तर सगळ्यांना सांगतोय, यात माझं काय न्हाय."

"मग कुणाचं आहे ते सांगा की एकदा."

"आता सत्कार ठरल्यावर? लोकांना काय वाटंल? आणि आक्काच न्हाय म्हणाली न्हवं का? तिला इच्यार."

हा माणूस वाईट नाही, हेच तर त्रासाचं आहे. वाईट असता तर एका फटक्यात सोडवलं असतं.

मी इनेसबाईंना लिहिलं. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन तास लिहिलं. चूक माझी, मी नकार पोचवला पण तो नकार नव्हता, आमच्याकडे तो दाराची पहिली कडी असतो, पुढच्या दोन तुम्ही वाजवायच्या होत्या. काठ बाळाबाईंचा आहे.

उत्तर सभ्य होतं, म्हणून जास्त झोंबलं. 'त्या स्वतः मला नको म्हणाल्या. त्यांच्या "नाही"वर दुसऱ्या कुणाचं "हो" मी कसं ठेवू? त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं की लगेच बदलेन. रविवारी तुमच्या मंडळानं मला व्हिडिओवर बोलावलं आहे, तेव्हा त्या असतील ना?'

म्हणजे रविवारी, भर हॉलमध्ये, आक्कानं उभं राहून 'मी केलं' म्हणायचं. आक्कानं! जिनं जन्मात 'मी जेवले' असं म्हटलेलं नाही, 'झालं जेवान' म्हणते.

शनिवारी दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती खिळ्यांवर एक साडी मोजत होती.

"आक्का, उद्या बाई विचारतील. सांगशील ना?"

"काय सांगू?"

"काठ माझा आहे म्हणून."

"मागून घिऊ? भावाच्या मांडवात? फेटा बांधून बसल्याला भाऊ, आणि मी उठून म्हनू, ह्ये माझं हाय? लाज न्हाय व्हय मला?"

"बाई तर तुझ्या लाजेचा आदर करतात म्हणे."

"करू देत की. चांगल्या हाईत."

मला एकदम राग आला. आक्काचा नाही. त्या शब्दाचा. मी जाऊन शब्दकोश घेऊन आले आणि तिच्यासमोर आपटला. म्हटलं बघू तरी हे कुठून आलंय.

"हे बघ. बाईंच्या भाषेत याला चार शब्द आहेत. पुदोर. हा लॅटिनमध्ये लाजण्यातून आला. अंग झाकायची लाज, बोलायची लाज."

"ती आपल्याकडंबी हाय."

"पोतंभर. दुसरा, रेकातो. हा जपून बघण्यातून आलाय. स्वतःवर पाळत ठेवायची, कुठं पाय घसरतो काय म्हणून."

"सासूवानी."

"स्वतःचीच सासू व्हायचं. तिसरा, उमिल्दाद. याचं मूळ माती. जमिनीला टेकून राहायचं."

"ह्ये भाषणवाल्यांचं," आक्का म्हणाली. "मातीतला मानूस, मातीतला मानूस म्हंत्यात आणि खुर्ची पुसून मागत्यात." तिला मजा यायला लागली होती. "आणि बाईंनी माझ्याबद्दल कंचा लिवलाय?"

"मोदेस्तिया." मी पान उलटलं. ओळीवर बोट ठेवलं आणि जरा थांबले, कारण मीही ते पहिल्यांदाच वाचत होते. "हा लॅटिनमधल्या 'मोदुस' शब्दापासून आलाय. मोदुस म्हणजे माप."

"माप?"

"माप. जेवढं आहे तेवढं."

"लाज न्हाय?"

"लाजेचं इथं काही लिहिलेलं नाही. मापात राहणारा, एवढंच आहे."

आक्काच्या हातातली साडी दुसऱ्या खिळ्यावर तशीच धरलेली होती. तिनं खिळ्याकडे बघितलं.

"ही साडी वीतभर कमी भरली तर काय व्हतंय?" तिनं विचारलं. मला नव्हे, साडीला विचारल्यासारखं.

"परत येते."

"आणि आपून म्हनालो, राहू द्या हो, आमी गरीब मानसं, आमाला जास्त मोजायला आवडत न्हाय?"

"तर लोक म्हणतील, चोर आहेत."

तिनं पुढचा वार मोजला. मग म्हणाली, "आणि जास्त भरली तर?"

"तर काय, घेणारा खूश."

"खूश कसला. सूत कुणाचं तरी गेलं की गं." आणि साडीची घडी घालून उठली. सांगेन म्हणाली नाही. सांगणार नाही असंही म्हणाली नाही. पिशवीची गाठ तशीच होती.

रविवारी हॉल भरला. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागच्या सतरंजीवर. स्टेजवर पडदा, पडद्यावर इनेसबाईंचा चेहरा भिंतीएवढा. त्यांच्याकडे सकाळचे साडेअकरा, मागे खिडकीत जांभळ्या फुलांची कुंडी. मला लॅपटॉपजवळ स्टूल दिलं होतं. महादेवअण्णा म्हणाले, "वहिनी, तुमी नुसतं भाषांतर करायचं, बाकी काय न्हाय." मला 'नुसतं' चांगलं लक्षात राहिलं.

अण्णांनी पाऊण तास स्वतःच्या सामान्यपणाबद्दल सांगितलं. मी त्याचं भाषांतर एका वाक्यात केलं. मानपत्र वाचलं गेलं. शाल झाली, नारळ झाला, डाळिंबी फेटा झाला. मग हे माईकपाशी आले. मान डावीकडे, हात जोडलेले.

"मित्रहो," हे म्हणाले, शुद्ध बोलायला लागले की यांचा आवाज बारीक होतो, "हा सत्कार माझा नाही. यात माझं काहीच नाही. मी फक्त निमित्त आहे."

टाळ्या. इतक्या टाळ्या की पडद्यावरच्या बाई पुढे वाकल्या. "काय म्हणतायत ते?"

सतरंजीवर आक्का भिंतीला टेकून बसली होती. पदर कपाळापर्यंत, चंची मांडीवर. मी तिच्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांचा संसार आहे. एका क्षणात सगळं मऊ करून सांगता आलं असतं: सगळ्यांचे आभार मानतायत, एवढंच.

मी अडीच आठवड्यांपूर्वी आक्काचं वाक्य जसं पोचवलं होतं तसंच हेही पोचवलं. शब्दाला शब्द. "ते म्हणतायत, यात त्यांचं काहीच नाही."

बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. पेन्सिल उचलली. समोरची पाटीच्या मजकुराची प्रत ओढली आणि यांच्या नावावर, आम्हाला सगळ्यांना दिसेल अशी, आडवी रेघ मारली.

"मग कुणाचं आहे?"

मी माईक जवळ घेतला. "बाई विचारतायत, मग कुणाचं आहे?"

हे हसले. मग हसू अर्धवट राहिलं. यांची सवय अशी, 'माझं काही नाही' म्हटल्यावर पाचजण उठून 'असं कसं, असं कसं' म्हणतात. इथं कुणी तरी म्हणेल म्हणून यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. पहिल्या रांगेनं महादेवअण्णांकडे बघितलं. अण्णांनी माईककडे बघितलं. माईक माझ्याकडे होता.

"म्हणजे... तसं न्हाय," हे म्हणाले. शुद्ध भाषा गेली. "तसं न्हवं वो. म्हंजे हाय माझं. पण म्हणायचं असतंय की तसं!" फेट्याचा शेमला खांद्यावरून घसरला. आणि अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस, भर सत्कारात, आईला शोधावं तसा सतरंजीकडे बघायला लागला. "आक्का, सांग की गं."

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बायकांनी पाय आखडून वाट दिली. ती लॅपटॉपसमोर आली आणि पडद्याकडे नव्हे, त्या लहानशा काचेच्या ठिपक्याकडे बघून बोलायला लागली. मी सांगितलं नव्हतं तरी तिला कळलं होतं डोळा कुठं आहे ते.

"बाई, रेघ खोडा. ती चुकली," ती म्हणाली. "इणकाम माझ्या भावाचं हाय. अडीच म्हैनं त्यो खड्ड्यात बसलाय, कंबार धरली तरी उठला न्हाय. त्येचा हात नसता तर माझं चिंचोकं भुईवरच ऱ्हायलं असतं. त्येचं नाव काढायचं न्हाय."

मी सांगत गेले. बाई लिहीत गेल्या. यांनी हात सोडले होते. बाजूला लोंबत होते, काय करायचं ते न कळून.

"काठ माझा," आक्का म्हणाली.

एवढंच. आवाज वाढला नाही. 'आमी काढला' नाही, 'निघाला' नाही. मागं कुणीतरी बाई "अगं बया" म्हणाली.

"पदर दोघांचा. निम्मा त्येनं सुचीवला, निम्मा मी. आणि कांड्या अंजनीच्या. गाठ न्हाय कुठं सुताला, बोट फिरवून बघा. ह्ये घरात हाय तेवढं माप."

मी 'पदर दोघांचा' इथपर्यंत सांगितलं आणि थांबले. शेवटचं वाक्य गिळून टाकावं असं आलं तोंडाशी. कांड्या भरणं म्हणजे काय मोठं काम आहे, पोरीसोरी भरतात, मला कशाला मध्ये. घशाशी 'यात माझं काहीच नाही' अगदी तयार होतं. दहा दिवस ज्या वाक्याला मी नावं ठेवत फिरत होते, ते माझ्याच पोटात इतकं गरम ठेवलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

"सांगितलंस?" आक्कानं विचारलं.

"सांगते."

धोट्यातल्या कांडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं, धोट्यात जे सूत जातं ते मी भरलं. मी, अंजनी. माझा आवाज यांच्यापेक्षा बारीक निघाला.

बाईंनी तेही लिहिलं. मग विचारलं, बाळाबाईंचं नाव कसं लिहायचं, अक्षरं सांगा. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर आक्कानं चंचीचा बंद सोडला होता. सुपारीच्या भुग्यातून तिनं तो कागद काढला, दोन घड्या उलगडल्या, मांडीवर पुसला आणि दोन्ही हातांनी काचेच्या ठिपक्यासमोर धरला. सात अक्षरं भिंतीएवढी झाली. वर सुताच्या कंपनीचं निळं चित्र अर्धं दिसत होतं.

महादेवअण्णांनी आभार मानले. हा क्षण आपल्यासारख्या सामान्य कार्यकर्त्याच्या वाट्याला आला, यात आपलं काहीच नाही, म्हणाले. बाईंनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, खरं बोलतायत.

घरी आल्यावर यांनी फेटा काढून खुंटीला लावला, मागावर जाऊन बसले, पण धोटा हातात घेतला नाही. मला वाटलं आता रुसवा चार दिवस चालणार.

"पदर निम्मा निम्मा कसा?" एकदम मागावरून आवाज आला. "आं? येलीची कल्पना माझी. मोराची मान माझी. तीन भाग माझा हाय, एक भाग तुझा. निम्मा कशावरनं?"

या घरात हा माणूस 'माझं' म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मान सरळ होती.

"तसल्याच पदराची दुसरी साडी घिऊन ये," आक्का मागच्या खोलीतून म्हणाली. "खिळं हाईत भितीत. मोजू."

"मोजूच!"

"ये मग. आणि येताना सारवनाची बादली घिऊन ये रं आप्पा. चौकोन वाळलाय."

मी रहाटावर बसले. तिकडे पिशवीची गाठ तिला सुटत नव्हती. शेवटी दातांनी सोडवली.